फांदी नेमकी कुठे कापली, हे कोण बघतं?

दरवर्षी एप्रिल संपत आला की शहरात झाडांवरून दोन भांडणं ठरलेली. पहिलं मे महिन्यातलं. पालिकेची किंवा सोसायटीनं बोलावलेली माणसं येतात, चेनसॉची घरघर सुरू होते, संध्याकाळपर्यंत फुटपाथवर फांद्यांचा ढीग पडतो आणि त्या ढिगाचे फोटो फिरायला लागतात : झाडांची कत्तल थांबवा. दुसरं भांडण जूनच्या पहिल्या वादळी पावसानंतरचं. कुणाच्या रिक्षेवर, कुणाच्या गाडीवर, कधी माणसाच्या अंगावर झाड कोसळतं आणि तितक्याच त्वेषानं विचारलं जातं : वेळेत छाटणी का केली नाही? पुष्कळदा दोन्ही भांडणांत माणसंही तीच असतात. आरे असो, नाशिकचं तपोवन असो की आपल्या गल्लीतला गुलमोहर, वाद शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबतो : तोडायचं की नाही?

मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. "तोडू नका" म्हणणारे आणि "तोडा एकदाचं" म्हणणारे, दोघंही झाडांचे आकडे मोजत बसले आहेत. झाड पुढची पन्नास वर्षं उभं राहणार की दोन पावसाळ्यांत कुणाच्या तरी डोक्यावर येणार, हे फांदी कुठे कापली, कशी कापली आणि कुणाच्या हातानं कापली यावर ठरतं. त्या हाताचा विचार परवानगी देणारे करत नाहीत आणि परवानगीला विरोध करणारेही करत नाहीत. शहरातली झाडं टिकवायची असतील तर झाडावर चढणारा माणूस हा शिकलेला, नोंदणी झालेला, विमा असलेला कारागीर असला पाहिजे आणि त्याच्या कामाला आज मोजतो त्यापेक्षा बरेच जास्त पैसे आपण मोजले पाहिजेत. हे मी पूर्ण विचारांती म्हणते आहे, आणि त्यावर दोन्ही बाजूंचे आक्षेप काय असतील तेही मला माहीत आहेत.

आधी माझीच एक चूक सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी मी सोसायटीच्या कमिटीवर होते. आवारात एक जुना वर्षावृक्ष आहे, सगळे ज्याला रेन ट्री म्हणतात तो. खालच्या मजल्यांवर अंधार पडायचा, चिकट शेंगा गाड्यांवर पडायच्या, म्हणून छाटणीची रीतसर परवानगी काढली. तिघांकडून दर मागवले. सगळ्यांत कमी दर ज्यानं दिला त्याची अट एकच होती : लाकूड आमचं. आम्हाला वाटलं, बरंच झालं, लाकूड उचलायचा खर्च वाचला. या अटीचा खरा अर्थ मला दोन वर्षांनी कळला. ज्याची कमाई लाकडातून निघते तो जाड, सरळ, निरोगी फांद्या शोधणार. झाडावर धोका ज्यांच्यापासून असतो त्या फांद्या वाळलेल्या, पोकळ, किडलेल्या असतात आणि त्यांना वखारीत कुणी विचारत नाही. आमच्या झाडावर नेमकं तेच झालं. तीन भक्कम फांद्या गेल्या, वाळक्या होत्या तिथेच राहिल्या, आणि मी खाली उभी राहून चहा सांगत होते. कापलेल्या जागी हातभर खुंट ठेवले होते. त्यांच्याभोवती पहिल्याच पावसाळ्यात हिरव्यागार धुमाऱ्यांचे झुपके आले आणि झाड किती छान फुटलंय असं सगळे म्हणाले. तिसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात, वारा पडलेला असताना, त्यातला एक मांडीएवढा जाड धुमारा मुळासकट सुटून स्कूटरींवर पडला. तिथे कुणी उभं नव्हतं, एवढंच.

मुळासकट म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय समजत नाही. झाडाची फांदी खोडात आतपर्यंत रुतलेली असते, दर वर्षी खोडाचा आणि फांदीचा थर एकमेकांत गुंफत जातो. धुमाऱ्याचं तसं नसतं. तो सालीखालच्या झोपलेल्या डोळ्यातून वर येतो, वरवर चिकटलेला असतो आणि झाड उपाशी असल्यामुळे विलक्षण वेगानं वाढतो. उपाशी अशासाठी, की पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. शेंडा उडवून झाडाचं मुंडण केलं की ते आपल्या साठ्यातलं सगळं खर्च करून पुन्हा पानं काढण्याच्या मागे लागतं. तीन-चार वर्षांत धुमारे फांदीएवढे जड होतात आणि त्यांच्या बुडाशी खुंट कुजत असतो. म्हणजे धोका टाळायला म्हणून जी छाटणी केली, तिनंच आधी नव्हता तो धोका तयार केला. मग पुन्हा छाटणी, पुन्हा खुंट, पुन्हा धुमारे.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, हे तर बहुतेकांना ठाऊकच नसतं. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चेनसॉनं उभी चिरून आतली कुज कशी पसरते ते पाहिलं आणि १९७०च्या दशकात मांडलं, की झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. ते त्याच्याभोवती भिंती घालून त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवीन लाकूड वाढवतं. ही भिंत सगळ्यांत मजबूत कुठे असते? फांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखी एक वळी असते, त्या वळीत. वळीच्या जरा बाहेर कापलं तर झाड काही वर्षांत जखम बंद करतं. वळीसकट खोडाला सपाट कापलं, जे दिसायला नीटनेटकं दिसतं आणि पूर्वी सर्रास तसंच शिकवलं जायचं, तर कुजीला खोडाचा दरवाजा मोकळा. लांब खुंट ठेवला तर झाड त्याच्यावरून साल चढवू शकत नाही, तो कुजतो आणि कूज आत उतरते. दोन बोटांच्या अंतरावर झाडाचं आयुष्य ठरतं, ते असं. आता मला सांगा, छाटणीच्या परवानगीच्या कुठल्या कागदावर या दोन बोटांचा उल्लेख असतो?

चांगलं काम कसं दिसतं हे मी मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गल्लीत पाहिलं. तिघं जण होते. जो वर चढणार होता त्यानं पहिला अर्धा तास करवतीला हातही लावला नाही. झाडाभोवती फिरला, बुंध्याशी कुठे अळंबी उगवल्यात का पाहिलं, लाकडी हातोडीनं खोडावर ठोकत ठोकत कान देऊन ऐकलं. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, ढोलीचा वेगळा. मग दोर टाकला, हार्नेस बांधला, वर गेला. कापायची फांदी खोडापासून दहा फुटांवर बाहेर झुकलेली आणि खाली कुणाच्या तरी पत्र्याची शेड. त्यानं फांदीला दुसरा दोर बांधला. खालच्या माणसानं तो बुंध्याला तीन वेढे देऊन हातात धरला, म्हणजे वजन वेढ्यांवर यावं, हातावर येऊ नये. मग पहिला काप खालून, फांदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, वितभर पुढे. फांदी मोडली, पण साल खोडाकडे फाटत आली नाही, कारण खालच्या कापानं तिची वाट आधीच तोडली होती. फांदी दोरावर लोंबकळली आणि हळूहळू शेडच्या कडेनं खाली आली. शेवटचा काप वळीच्या बाहेर, उरलेला खुंट काढून टाकण्यासाठी. एका फांदीला तीन काप आणि दोन दोर. एक फूट जाडीची, दहा फूट लांबीची ओली फांदी दोनशे किलोच्या घरात जाते. तीच कोयत्याच्या आणि देवाच्या भरवशावर खाली सोडणारी माणसं आपण रोज पाहतो, अनवाणी, कमरेला नायलॉनची दोरी, डोक्यावर काही नाही.

आता पहिला आक्षेप, आणि तो मला मनापासून मान्य आहे. पर्यावरणवाले म्हणतील, की छाटणीच्या नावाखाली झाडं संपवली जातात. जाहिरातीचा फलक दिसावा, दुकानाची पाटी दिसावी, गाडी आत यावी, म्हणून आधी "हलकी छाटणी", मग झाड वाळलं, मग "धोकादायक" शेरा, मग बुंधा. अशा वेळी कुशल कापणाऱ्याची भलामण करणं म्हणजे कुऱ्हाडीला प्रमाणपत्र देणं नाही का? ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या त्याच रात्री मुंबईच्या आरेमध्ये यंत्रं लागली आणि सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांनी यंत्रणेवर विश्वास ठेवावा असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

पण हा अविश्वास रास्त असला तरी त्यातून निघालेला मार्ग चुकतो आहे. सगळा जोर परवानगी अडवण्यावर लावला, की परवानगी मिळाल्यानंतर झाडावर काय होतं हे पाहायला कुणी उरत नाही. खरं तर कायद्यात हत्यार आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ वाचून पाहा. त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणजे शेंडा उडवून झाडाचं मुंडण करणं हे कायद्याच्या नजरेत तोडणंच. या कलमाचा आधार घेऊन वाईट छाटणीविरुद्ध किती जण भांडतात? २०२१ साली कायद्यात सुधारणा झाली, पन्नास वर्षांवरच्या झाडांना प्राचीन वृक्षाचा दर्जा आला, झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवीन झाडं लावायची अट आली. सुधारणा म्हणून चांगली, पण पुन्हा आकडाच. साठ वर्षांच्या वडाची साठ रोपटी मोजता येतात, म्हणून कायद्याला ती दिसतात. त्याच वडाच्या पारंब्या दर मे महिन्यात छाटून त्याचे आधार काढून घेतले तर त्याचा हिशोब कुठेच लागत नाही.

चळवळीच्या मित्रांना आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. झाड वाचवण्याचा विषय निघाला की चिपकोचं नाव निघतं. १९७३ साली चमोली जिल्ह्यातल्या मंडल गावात चिपको सुरू झालं ते कशावरून? गावकऱ्यांनी शेतीच्या अवजारांसाठी थोडी अंगूची झाडं मागितली होती. ती वनखात्यानं नाकारली आणि तीच झाडं खेळाचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीला देऊन टाकली. गावकऱ्यांचं म्हणणं एकही झाड तोडू नका असं नव्हतंच. कोण तोडणार, कशासाठी, आणि उरलेल्या जंगलाचं काय, हा त्यांचा सवाल होता. ज्यांना झाडाबरोबर राहायचं असतं त्यांना तोडणं आणि जपणं एकाच कामाचे भाग वाटतात.

घरच्या परंपरेचंही तसंच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं आरमाराच्या लाकडाविषयीचं कलम आपण सगळे अभिमानानं सांगतो : रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. शाळांच्या भिंतींवर एवढं लिहिलेलं असतं. त्याच्या पुढचं वाक्य फार कुणी सांगत नाही. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं ते तोडून न्यावं, जबरदस्ती करू नये, असंही तिथे म्हटलं आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला कळत होतं, की झाड म्हातारं होतं, ते कधीतरी काढावं लागतं, आणि प्रश्न काढण्याच्या रीतीचा असतो. आपण त्यातलं अर्धंच पाठ केलं.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा, आणि त्यामागे मेलेली माणसं आहेत म्हणून तो जास्त जड आहे. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी रस्त्यानं चाललेल्या एका महिलेवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्या गेल्या. ते झाड काढू द्या अशी मागणी आधी झाली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. १७ मे २०२१ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, वाऱ्यानं ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडला, आणि एका दिवसात शहरभर शेकडो झाडं आडवी झाली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना झाडाच्या वळीचं शास्त्र ऐकवायचं? पालिकेचा अधिकारी म्हणेल, बाई, मुंबईत २०१८च्या गणनेत सुमारे पावणेतीस लाख झाडं निघाली, त्यातली निम्म्याहून जास्त खासगी आवारांत, माझ्याकडे माणसं किती आणि पावसाला दिवस किती? प्रत्येक झाडापुढे अर्धा तास हातोडी वाजवत बसलो तर दहा वर्षांतही काम संपणार नाही.

त्याचं म्हणणं खोटं नाही. पण पडलेली झाडं एकदा जवळ जाऊन पाहा. मी पाहते, आता सवयच लागली आहे. बऱ्याचदा मुळांचा चेंडू ताटासारखा चपटा आणि एका बाजूनं सरळ रेषेत कापलेला असतो. त्या बाजूला कधीतरी केबलसाठी, गॅससाठी, पाण्याच्या पाइपसाठी चर खणलेला असतो. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात आणि चर तिथूनच जातो. उरलेल्या बाजूनं बुंध्याला खेटून काँक्रीट. बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा मोकळी ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीसाठी बजावलं होतं. आपल्या गल्लीतली झाडं मोजून पाहा, किती जणांना वीतभर तरी माती मिळाली आहे. वरून छाटणीही एकांगी : रस्त्याच्या बाजूच्या, विजेच्या तारांच्या बाजूच्या फांद्या काढायच्या, इमारतीकडच्या तशाच ठेवायच्या. पाय एका बाजूनं तोडलेला आणि ओझं दुसऱ्या बाजूला लादलेलं झाड वाऱ्यात पडलं, तर ते वाऱ्यानं पाडलं असं म्हणायचं का? आणि त्याच्यावर उपाय म्हणून उरलेल्यांचे शेंडे उडवायचे?

नारळाचं तर अजून वेगळं. त्याला फांद्याच नसतात. वाढ होते ती शेंड्यावरच्या एकाच कोंभातून, तो गेला की माड गेला. त्याची "छाटणी" म्हणजे वाळक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवणं, आणि शेंडा, खोड, बुड नीट पाहून घेणं. जो वर्षातून चार वेळा माडावर चढतो त्याला भुंग्यानं कोंभ पोखरलाय का, खोडातून तांबूस द्रव गळतोय का, हे जमिनीवरून फोटो काढणाऱ्या कुणाहीपेक्षा आधी कळतं. गोव्यात २०१६ साली माडाला कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून काढलं तेव्हा माड झाड की गवत यावर रान उठलं. पुढच्याच वर्षी तो राज्यवृक्ष झाला आणि संरक्षण परत मिळालं. ते रान उठायलाच हवं होतं. पण त्याच काळात माडावर चढणारे पाडेली मिळेनासे होत चालले होते, बागायतदार ते कधीपासून सांगत होते, आणि त्यावर त्या मानानं कुणीच बोललं नाही. माडाला राज्यवृक्ष केलं, पण त्याच्यावर चढणाऱ्याच्या पोराला हा धंदा नकोसा का झाला, हे विचारायचं राहून गेलं.

वेळ नाही आणि माणसं नाहीत, या तक्रारीचं एक उत्तर कॅलेंडरात आहे. सगळी छाटणी पावसाच्या तोंडावर एप्रिल-मे महिन्यांत कोंबायची कुणी सांगितली? तेव्हा कावळ्यांची, साळुंक्यांची घरटी भरलेली असतात, उकाड्यात झाडाला आणि माणसांना सावलीची सगळ्यांत जास्त गरज असते, आणि ठेकेदाराला महिन्याभरात यादी संपवायची असते. नोव्हेंबरपासून काम पसरवलं, वर्दळीच्या रस्त्यांवरची, शाळा-दवाखान्यांजवळची झाडं आधी घेतली, तर तीच माणसं पुरतात. दुसरं उत्तर ठेक्याच्या कागदात आहे. झाडामागे इतके रुपये असा दर लावला की जो दिवसात जास्त झाडं उरकेल तो जास्त कमावणार. इंग्लंडच्या शेफील्ड शहरात २०१२ साली रस्त्यांच्या देखभालीचा पंचवीस वर्षांचा ठेका दिला गेला आणि करारातच १७,५०० झाडं बदलण्याचा आकडा लिहिला होता. मग निरोगी झाडंही पडू लागली, नोव्हेंबर २०१६ मध्ये एका रस्त्यावर पहाटेच्या अंधारात लोकांना उठवून करवती चालवल्या, पोलीस आले, अटका झाल्या, आणि २०१८ साली काम थांबवावं लागलं. २०२३च्या चौकशी अहवालानं पालिकेला दोषी धरलं. तिथे तर छाटणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं होतं, कौशल्याची वाण नव्हती. म्हणून मी नुसतं प्रशिक्षण म्हणत नाही. कौशल्य असलं तरी ठेका आकड्यावर दिला की हात आकड्यामागेच धावतात.

तिसरा आक्षेप माझ्या दृष्टीनं सगळ्यांत अवघड, कारण तो ज्यांच्यासाठी मी लिहिते आहे त्यांच्याकडूनच येतो. नोंदणी, परवाना, प्रमाणपत्र आलं की नाक्यावर उभा राहणारा माणूस बाहेर फेकला जाईल आणि इंग्रजी बोलणाऱ्या कंपन्या आत येतील. पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढणाऱ्याला परीक्षेत बसवणार? ही भीती खरी आहे. अनेक धंद्यांत असंच झालंय. पण आज तो माणूस किती सुरक्षित आहे? वर असताना भोवळ आली, करवत मांडीला लागली, गांधीलमाश्या उठल्या, तर त्याला खाली कोण आणणार? ब्रिटनमध्ये झाडावर चढून काम करायचं तर जागेवर किमान दोघं जण असावे लागतात आणि खालच्याला वर जाऊन जखमीला उतरवता आलं पाहिजे, असा नियम आहे. आपल्याकडे खाली उभा असतो तो फांद्या ओढणारा पोरगा.

आणि आपल्याच देशात याचा धडा आधी गिरवून झालेला आहे. नारळ विकास मंडळानं २०११ पासून "फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री" नावाची योजना चालवली. तरुणांना आणि बायकांनाही यंत्राच्या साहाय्यानं माडावर चढायला, झाडाचे रोग ओळखायला शिकवलं, चढायचं साधन दिलं, अपघाताचा विमा उतरवला. काही दिवसांचं प्रशिक्षण, हातात साधन आणि पाठीशी विमा, एवढ्यानं एका धंद्याची पत बदलू शकते. मग वड-पिंपळ-गुलमोहरावर चढणाऱ्यासाठी हे का होऊ नये? परीक्षा लेखी नकोच. झाडावर घ्या. जो आज काम करतो त्याला आधी बोलवा, आणि शिकवायलाही त्याच्यातलाच जाणता माणूस ठेवा. घराला विजेचं मीटर घ्यायचं तर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, त्याशिवाय जोडणी मिळत नाही. कधीकाळी कुणीही तारा जोडायचा. विजेनं माणूस मरतो हे पटलं तेव्हा आपण तो नियम स्वीकारला, आणि गल्लीतला वायरमन काही उपाशी मेला नाही. डोक्यावर लोंबकळणाऱ्या दोनशे किलोंबद्दल हे पटायला अजून काय व्हायला हवं?

छाटणी हे शास्त्र आहे, हे महाराष्ट्राला शिकवायची खरं तर गरजच नाही. नाशिकला, तासगावला जाऊन द्राक्षबागायतदाराला विचारा. एप्रिलची खरड छाटणी वेगळी, ऑक्टोबरची गोडी छाटणी वेगळी. काडीवर घड कितव्या डोळ्यात आहे हे प्रयोगशाळेत तपासून आणतात आणि मग कुठे कात्री लावायची ते ठरतं. एक डोळा चुकला तर वर्षाचं पीक गेलं, म्हणून छाटणीच्या चांगल्या टोळीला आधीपासून सांगून ठेवावं लागतं. तिथे कुणी म्हणत नाही, की वेल तोडू नका, आणि कुणी असंही म्हणत नाही, की कोयता घेऊन कुणालाही पाठवा. हीच माणसं, त्यांचीच मुलं शहरात राहायला आली की रस्त्यावरच्या झाडाला कुणीही कसंही कापलेलं चालतं. वेलीचा घड बाजारात विकला जातो आणि झाडाच्या सावलीला भाव नाही, म्हणून?

झाड खरंच काढावं लागतं तेव्हाही तेच. बुंधा पोकळ झालाय, मुळं गेली आहेत, झुकाव वाढत चाललाय, अशी झाडं असतात आणि त्यांना वाचवण्याच्या हट्टापायी माणसं मरू नयेत. मोकळ्या रानात झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच घेतात, मग मागून काप, आणि मधे लाकडाची एक पट्टी न कापता ठेवतात. झाड त्या पट्टीवर दार मिटावं तसं हव्या त्या दिशेला मिटत जातं. शहरात तेवढी जागाच नसते. तिथे झाड शेंड्यापासून तुकड्या-तुकड्यानं उतरवावं लागतं, जणू चढण्याचा जिना उलटा काढत यावं. वर चढलेला माणूस ज्या खोडावर उभा असतो तेच खोड आतून कुजलेलं असतं. हे शहरातल्या सगळ्यांत धोक्याच्या कामांपैकी एक आहे, आणि त्याची निविदा बहुधा सगळ्यांत कमी दर देणाऱ्याला मिळते, जशी आमच्याकडे मिळाली होती.

यंदा आमच्या सोसायटीत पुन्हा छाटणीचा विषय निघाला आहे. त्याच वर्षावृक्षाचा. मी कमिटीवर नाही, पण दोन दर मिळवून दिलेत. एक आहे ओळीभराचा : झाड छाटणे, लाकूड ठेकेदाराचे. दुसरा त्याच्या जवळजवळ अडीचपट आहे आणि लाकूड सोसायटीचं. शेजारच्या गल्लीत हातोडी वाजवत फिरणाऱ्या त्या माणसानं तो दिला आहे. सोबत एक कागद जोडलाय, त्यावर सात फांद्यांची यादी आहे, प्रत्येकीवर त्यानं खडूनं आकडा टाकलाय आणि कागदावर समोर कारण लिहिलंय. वाळलेली. जुन्या खुंटावरचा धुमारा. तिसरीपुढे लिहिलंय, टोकाकडचं वजन थोडं कमी करायचं, पूर्ण कापायची नाही. पाचवीपुढे लिहिलंय : घारीचं घरटं आहे, पिल्लं उडाल्यावर बघू.

रविवारी सभा आहे. दोन्ही कागद मी फलकावर लावून आले आहे.